जुन्या बॉयलरला वायरलेस थर्मोस्टॅट, बॉयलरचं झाकण न उघडता

आई साताऱ्याहून इंग्लंडमधल्या स्लाउला आमच्याकडे पहिल्यांदा आली तो जानेवारी महिना होता. संध्याकाळी ती बैठकीच्या खोलीत स्वेटर, त्यावर शाल आणि पायात मोजांचे दोन जोड घालून बसायची. मी पॅसेजमध्ये जाऊन थर्मोस्टॅट बघायचो, तर तिथे २१ अंश! एका रात्री तिच्या खुर्चीशेजारी साधा थर्मामीटर ठेवला, तो १६ दाखवत होता. मग उलगडा झाला. घर १९३०च्या दशकातलं आहे. थर्मोस्टॅट कुणीतरी पॅसेजमध्ये, रेडिएटरपासून हातभर अंतरावर बसवलेला. पॅसेज पंधरा मिनिटांत तापायचा, थर्मोस्टॅट बॉयलर बंद करायचा आणि बैठकीची खोली तशीच गार राहायची.

बॉयलर जुना असला तरी धडधाकट होता. नवा घ्यायचा तर हजारो पौंडांचा खर्च. वायरलेस थर्मोस्टॅटचा साधा संच शंभर पौंडांच्या आत मिळतो. त्यात दोन वस्तू असतात. एक रिसीव्हर, जो वायरींना जोडून भिंतीवर कायमचा बसतो आणि बॉयलरला ‘पेट’ किंवा ‘थांब’ सांगतो. दुसरा थर्मोस्टॅट, जो दोन पेन्सिल बॅटऱ्यांवर चालतो आणि माणसं बसतात त्या खोलीत ठेवता येतो. ब्रिटनमध्ये जुन्या घरांत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींची हीच अडचण आहे. म्हणून मी हे काम कसं केलं, कुठे थांबलो आणि कुठे जाणकाराला बोलावलं, ते सगळं इथे क्रमाने सांगतो.

बॉयलरच्या झाकणाला हात लावायचा नाही

गॅसच्या उपकरणावर काम करण्याचा अधिकार इथे फक्त गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेल्या माणसाला आहे. ही नोंदणी १ एप्रिल २००९ला ‘कॉर्गी’ या आधीच्या नोंदणीच्या जागी आली. मूळ नियम १९९८चे आहेत. थर्मोस्टॅटच्या वायरी जोडणं हे स्वतः गॅसचं काम नाही, पण त्या वायरी बॉयलरमध्ये जिथे जोडलेल्या असतात ती जागा पुष्कळदा बाहेरच्या पत्र्याच्या आत असते. अनेक बॉयलरमध्ये तोच पत्रा ज्वलनकक्ष हवाबंद ठेवतो. तो काढून पुन्हा बसवताना रबरी पट्टी जरा सरकली, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येऊ शकतो. त्याला ना रंग ना वास. त्यामुळे मी स्वतःसाठी एकच नियम केला: बॉयलरचा एकही स्क्रू फिरवायचा नाही.

मग जोडायचं कुठे? जुन्या थर्मोस्टॅटच्या जागी. भिंतीवरचा तो पिवळट डबा बॉयलरला आधीच वायरने जोडलेला आहे. त्याच्या मागे योग्य वायरी निघाल्या, तर नवा रिसीव्हर तिथेच बसतो आणि बॉयलरपर्यंत जावंच लागत नाही. या लेखाचा सगळा भर या पद्धतीवर आहे.

घर भाड्याचं असेल तर घरमालकाची किंवा एजंटची लेखी परवानगी आधी घ्या. ‘जुना थर्मोस्टॅट काढून त्याच जागी वायरलेस रिसीव्हर बसवतो, जुना जपून ठेवतो’ एवढी ईमेल पुरते. आणि बॉयलरच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना, हे याच वेळी बघून घ्या. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२पासून तो लावून देणं घरमालकाची जबाबदारी आहे.

वीज बंद करणं, आणि बंद झाली याची खात्री करणं

बॉयलरजवळ भिंतीवर एक स्विच असतो. त्यात फ्यूजचा छोटा कप्पा असतो. याला इथे फ्यूज्ड स्पर म्हणतात. बॉयलर आणि त्याची सगळी नियंत्रणं या एकाच स्परवर असायला हवीत, पण जुन्या घरात चार मालकांनी चार वेळा कामं करून घेतलेली असतात, त्यामुळे तसं गृहीत धरता येत नाही. स्विच बंद करा, कप्पा ओढून फ्यूज काढा आणि तो स्वतःच्या खिशात ठेवा, म्हणजे घरातलं कुणी चुकून चालू करणार नाही. फ्यूज हातात आहे तर त्यावरचा आकडाही वाचा. तो साधारणपणे ३ अँपियरचा असतो. आमच्याकडे १३चा निघाला! बॉयलरच्या माहितीपुस्तकात ३ लिहिलेलं होतं, म्हणून परत लावताना ३चाच लावला.

आता टेस्टर. भारतात आपण दिवा पेटणारा स्क्रू ड्रायव्हर वापरतो, तो या कामाला चालणार नाही. वायरीजवळ धरल्यावर पिपाणी वाजवणारा पेनही पुरेसा नाही. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर घ्या. तो आधी चालू असलेल्या सॉकेटवर तपासा, मग थर्मोस्टॅटच्या वायरींवर, मग पुन्हा त्याच सॉकेटवर. तिसरी पायरी सगळे गाळतात. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल, तर ‘शून्य’ हा आकडा खोटा असतो. तपासताना प्रत्येक वायर दुसऱ्या प्रत्येक वायरीशी आणि अर्थशी, म्हणजे जमिनीला जोडलेल्या सुरक्षेच्या वायरीशी, लावून बघायची.

यातलं काही करण्याचा आत्मविश्वास नसेल तर इथपर्यंत वाचून इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्यात कमीपणा काहीच नाही. उलट पुढचं वाचलेलं असेल तर त्याला नेमकं काय सांगायचं ते तुम्हाला ठाऊक असेल.

डब्याच्या मागे काय निघतं

जुन्या थर्मोस्टॅटचं झाकण काढलं की आधी फोटो घ्या. दोन-तीन कोनांतून, प्रत्येक वायर कुठल्या आकड्याखाली आहे ते दिसेल असे. झाकणाच्या आतल्या बाजूला बहुतेकदा छोटी आकृती छापलेली असते, तिचाही फोटो घ्या. टर्मिनलचे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यामुळे दुसऱ्याच्या घरातली जोडणी बघून उपयोग नाही.

आपण जिला फेज म्हणतो तिला इथे लाइव्ह म्हणतात. आपल्याला हव्यात तीन वायरी: कायम येणारी लाइव्ह, न्यूट्रल, आणि थर्मोस्टॅटकडून बॉयलरकडे परत जाणारी लाइव्ह. या तिसरीला स्विच्ड लाइव्ह म्हणतात. तिच्यावर वीज आली की बॉयलर पेटतो.

जुन्या साध्या थर्मोस्टॅटला न्यूट्रल लागतेच कशाला, असा प्रश्न मला पडला होता. आत दोन धातूंची पट्टी असते, ती तापून वाकते आणि स्विच तोडते. पण ती सुस्त असते. खोली हवी तेवढी तापून वर आणखी दोन अंश गेली की मग ती जागी होते. म्हणून तिच्याशेजारी एक बारीक रोधक, म्हणजे वीज गेली की तापणारा रेझिस्टर, बसवलेला असतो. बॉयलर चालू असताना तो पट्टीला किंचित ऊब देतो, म्हणजे ती स्विच थोडा लवकर तोडते. त्या रोधकासाठी न्यूट्रल आणलेली असते. तीच न्यूट्रल आज आपल्या रिसीव्हरला वीज पुरवणार आहे.

रंगांवर विश्वास ठेवू नका. ब्रिटनमध्ये वायरींचे रंग २००४ ते २००६ या काळात बदलले. त्याआधी लाल लाइव्ह आणि काळी न्यूट्रल असायची, आता तपकिरी लाइव्ह आणि निळी न्यूट्रल. जुन्या तीन तारांच्या केबलमध्ये लाल, पिवळी आणि निळी असते. यातली निळी कुणी न्यूट्रल म्हणून वापरते, कुणी स्विच्ड लाइव्ह म्हणून. आणि डब्यात लाल आणि काळी अशा दोनच वायरी निघाल्या, तर काळी ही बहुतेक वेळा न्यूट्रल नसतेच, ती परत जाणारी लाइव्ह असते. तिच्यावर लाल किंवा तपकिरी नळी चढवायला हवी असते, पण बसवणाऱ्याने ती चढवलेली नसते.

म्हणून ओळख अशी पटवा. वीज बंद असताना वायरी जुन्या थर्मोस्टॅटमधून सोडवा आणि प्रत्येकीचं टोक वेगळ्या कनेक्टरमध्ये आवळा, उघडं तांबं दिसता कामा नये. बॉयलरवर घड्याळ असेल तर ते ‘कायम चालू’वर करा. मग वीज सुरू करून मोजा. लाइव्ह आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्टच्या आसपास दिसेल. स्विच्ड लाइव्ह आणि न्यूट्रल यांच्यामध्ये काही नाही, किंवा अगदी किरकोळ आकडा. लिहून ठेवा, वीज बंद करा, पुन्हा तपासा.

तिन्ही वायरी मिळाल्या आणि २३० व्होल्ट मिळाले तर काम तुमच्या हातातलं आहे. न्यूट्रल नसेल तर थांबा. हिरवी-पिवळी अर्थची वायर न्यूट्रल म्हणून वापरण्याचा मोह काही लोकांना होतो. ते कधीही करायचं नाही. अशा घरात रिसीव्हर बॉयलरपाशी बसवावा लागतो आणि ते काम गॅस सेफवाल्याचं. २४ व्होल्ट किंवा त्याच्या आसपासचं काही दिसलं, तरीही थांबा. त्याचं कारण पुढे येतं.

एक छोटी वायर आणि चार दिवसांची थंडी

रिसीव्हरच्या आत रिले असतो. रिले म्हणजे विजेवर उघडझाप होणारा स्विच, एवढंच. त्याची दोन टोकं: कॉमन आणि नॉर्मली ओपन, म्हणजे एरवी उघडं राहणारं. बहुतेक रिसीव्हरमध्ये या स्विचला स्वतःचे व्होल्ट नसतात. तुम्ही कॉमनवर जे द्याल तेच पलीकडे जातं.

बॉयलर दोन प्रकारचे असतात. एकाला स्विच्ड लाइव्हवर २३० व्होल्ट लागतात. दुसऱ्याला फक्त दोन तारा एकमेकींना टेकायला हव्या असतात आणि त्या तारांवर त्याचा स्वतःचा कमी दाब असतो. पहिल्या प्रकारात रिसीव्हरच्या लाइव्ह आणि कॉमन यांच्यामध्ये एक छोटी लिंक-वायर टाकावी लागते. दुसऱ्यात ती टाकायची नाही. टाकली तर २३० व्होल्ट थेट बॉयलरच्या नाजूक सर्किटबोर्डात जातात.

माझ्या एका मित्राच्या घरी हेच झालं. घरी चार महिन्यांचं बाळ. कामाला आलेल्या माणसाने ‘सगळीकडे असंच असतं’ म्हणत लिंक टाकली, वीज सुरू केली, एक बारीक ‘टक्’ आवाज आला आणि बॉयलरचा डिस्प्ले गेला. नवा बोर्ड येईपर्यंत चार दिवस ना ऊब, ना गरम पाणी. इलेक्ट्रिक केटलमध्ये पाणी तापवून बाळाला पुसून काढायचे. त्या घरातलं ते गारठलेलं स्वयंपाकघर आठवलं की वाटतं, दहा मिनिटं बॉयलरचं माहितीपुस्तक वाचलं असतं तर हे टळलं असतं. तुमच्याकडे पुस्तक नसेल तर बॉयलरच्या खालच्या बाजूला मॉडेलचं नाव असतं. कंपन्यांनी जुन्या मॉडेलची पुस्तकंही इंटरनेटवर ठेवलेली आहेत. त्यात ‘रूम थर्मोस्टॅट’ची आकृती शोधा आणि तिथे २३० व्होल्ट लिहिलंय का ते बघा. संच विकत घेण्याआधी हे करा.

जोडणी

वीज बंद, फ्यूज खिशात, टेस्टरने खात्री झालेली. आता:

१. जुना थर्मोस्टॅट भिंतीवरून काढा. मागे धातूचा खोल डबा असेल तर उत्तम. नसेल तर रिसीव्हरची पाटी भिंतीवर लावून खुणा करा, भोकं पाडा, त्यांत स्क्रू धरून ठेवणारे प्लास्टिकचे रॉलप्लग ठोका. भोकं पाडताना केबल भिंतीतून वर गेली आहे की खाली, ते लक्षात ठेवा आणि त्या रेषेत ड्रिल लावू नका.

२. वायरींची टोकं साधारण आठ मिलिमीटर सोला. जुनं तांबं अनेकदा काळवंडलेलं आणि ठिसूळ झालेलं असतं. तेवढा तुकडा कापून नवीन टोक सोलणं बरं.

३. लाइव्ह ‘एल’मध्ये, न्यूट्रल ‘एन’मध्ये. २३० व्होल्टच्या बॉयलरसाठी ‘एल’पासून कॉमनपर्यंत लिंक. स्विच्ड लाइव्ह नॉर्मली ओपनमध्ये. शेजारीच नॉर्मली क्लोज्ड नावाचं टर्मिनल असतं. त्यात गेली तर सगळं उलटं होतं, खोली तापल्यावर बॉयलर पेटतो.

४. अर्थची वायर रिसीव्हरला लागत नसली तरी कापून टाकू नका. पाटीवर तिच्यासाठी ठेवलेल्या जागी आवळा.

५. प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा. सुटली तर आत्ताच सुटू द्या. मग रिसीव्हर पाटीवर अडकवा आणि खालचे स्क्रू आवळा.

गरम पाण्याची वेगळी टाकी असलेल्या घरांत चित्र थोडं वेगळं असतं. तिथे कपाटात एक वायरींचा डबा असतो, मोटरवर चालणारे व्हॉल्व्ह असतात, आणि थर्मोस्टॅटकडे येणारी लाइव्ह टायमरमधून फिरून येते. तिथे रिसीव्हरला कायम वीज वेगळी द्यावी लागते आणि कॉमनवर टायमरची वायर येते, त्यामुळे लिंक टाकायची नाही. व्हॉल्व्हच्या एका वायरीवर हीटिंग बंद असतानाही वीज असते. असं घर असेल तर माझा सल्ला सरळ आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

घड्याळ

जुन्या कॉम्बी बॉयलरवर, म्हणजे वेगळ्या टाकीशिवाय गरम पाणीही देणाऱ्या बॉयलरवर, बारीक खुंट्या असलेलं गोल घड्याळ असतं. ते ‘कायम चालू’वर ठेवायचं, आणि तसंच राहू द्यायचं. नाहीतर घड्याळाने बॉयलर बंद ठेवलेल्या वेळात नवा थर्मोस्टॅट कितीही ओरडला तरी काही होत नाही. काही घरांत रिसीव्हरचा दिवासुद्धा विझतो, कारण त्याची वीजच घड्याळातून येते. ‘नवीन थर्मोस्टॅट रात्री बंद पडतो’ अशी तक्रार मी ज्या तीन घरांत ऐकली, तिन्ही ठिकाणी दोष या खुंट्यांचा होता.

जोडी जमवणं आणि जागा ठरवणं

फ्यूज परत लावा, स्विच चालू करा. थर्मोस्टॅटमध्ये नव्या अल्कलाइन बॅटऱ्या घाला. पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांचा दाब १.५ऐवजी १.२ व्होल्ट असतो, त्या लवकर मान टाकतात. बरेच संच कारखान्यातूनच एकमेकांना ओळखत येतात. नसतील तर रिसीव्हरचं बटण पुस्तकात सांगितलंय तेवढे सेकंद दाबून धरायचं आणि थर्मोस्टॅटवर जोडणीचा पर्याय निवडायचा.

हे संच साधारणपणे ८६८ मेगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतात. विटांच्या एक-दोन भिंती त्यांना अडवत नाहीत. पण धातू अडवतो. मोठा आरसा, फ्रीज, चांदीच्या कागदासारखा थर असलेले भिंतीचे बोर्ड, लोखंडी कपाट हे सगळे अडथळे आहेत. रिसीव्हर बॉयलरच्या पत्र्याला चिकटवून बसवू नये, हातभर मोकळं अंतर असावं.

थर्मोस्टॅटची जागा ठरवायला मी चार दिवस घेतले. जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंची, ऊन येणार नाही, दाराची झुळूक लागणार नाही, टीव्हीच्या वर नाही, रेडिएटरच्या जवळ नाही. स्वयंपाकघरात तर मुळीच नाही; भाकरीचा तवा तापला की घर तापलं असं त्याला वाटतं. संचाबरोबर टेबलावर ठेवायचा स्टँड मिळतो. त्यावर ठेवून चार संध्याकाळी वेगवेगळ्या जागी बघितलं, आईच्या खुर्चीशेजारच्या थर्मामीटरशी ताडून पाहिलं आणि मग स्क्रू मारले.

त्या खोलीतल्या रेडिएटरवर आकडे असलेला गोल व्हॉल्व्ह असेल, तर तो पूर्ण उघडा ठेवा. एकाच खोलीत दोन मुकादम नकोत. व्हॉल्व्हने रेडिएटर बंद केला तर थर्मोस्टॅटला हवी ती ऊब कधी मिळतच नाही, आणि बॉयलर बाकीचं घर तापवत राहतो.

तपासणी

थर्मोस्टॅट २५ अंशांवर न्या. थोड्या वेळात रिसीव्हरमधून ‘टक्’ ऐकू येईल, दिवा लागेल आणि मग बॉयलर पेटेल. आता १० वर आणा. बॉयलर विझेल, पण पंप काही मिनिटं फिरत राहील. तो फिरू द्या. आत साठलेली उष्णता तो बाहेर नेतो.

‘टक्’ ऐकू येतं पण बॉयलर पेटत नाही? लिंक राहिली असेल किंवा घड्याळ आड येतंय. १० अंशांवरही बॉयलर चालूच आहे? वायर चुकीच्या टर्मिनलमध्ये आहे, किंवा बॉयलरच्या आत लाइव्ह आणि स्विच्ड लाइव्ह जोडणारी कारखान्यातली लिंक कुणीतरी काढलेलीच नाही. ही दुसरी शक्यता असेल तर ते झाकणाच्या आतलं काम आहे, गॅस सेफवाल्याला बोलवा. आणि या सगळ्यात कधीही गॅसचा वास आला, तर वायरींचा विचार सोडून बाहेर पडा. कुठलाही स्विच दाबू नका, बाहेरून ०८०० १११ ९९९वर फोन करा.

आकडे लावताना

थर्मोस्टॅटच्या आतल्या मेनूत ‘तासाला किती फेऱ्या’, म्हणजे बॉयलर तासात किती वेळा चालू-बंद करायचा, असा पर्याय बऱ्याचदा असतो. गॅस बॉयलरला ६ आणि तेलावर चालणाऱ्याला ३ हे नेहमीचे आकडे आहेत. दिवसाच्या तापमानाला १८ ते २१ अंश ही रास्त कक्षा. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ अंश असावेत असं सांगते. म्हाताऱ्या माणसांसाठी मी २१च्या खाली उतरत नाही. सातारच्या थंडीत वाढलेल्या माणसालाही इथली दमट थंडी सोसत नाही. लहान बाळाच्या झोपायच्या खोलीला १६ ते २० अंश पुरतात. घर रिकामं ठेवून भारतात जाताना संच बंद करून जाऊ नका, पाइप गोठू नयेत म्हणून किमान ५ अंशांवर ठेवा.

आणखी एक, जुन्या बॉयलरवाल्यांसाठी खास. हल्ली सगळीकडे सल्ला मिळतो की बॉयलरच्या पाण्याचं तापमान ५५-६० अंशांवर आणा, गॅस वाचतो. तो सल्ला कंडेन्सिंग बॉयलरसाठी, म्हणजे ज्वलनातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणाऱ्या बॉयलरसाठी आहे. इंग्लंड-वेल्समध्ये ते एप्रिल २००५पासून जवळपास सक्तीचे झाले. त्याआधीचा बॉयलर बहुधा कंडेन्सिंग नसतो. अशा बॉयलरचं पाणी फार गार करून फिरवलं, तर ज्वलनातली वाफ आतच पाणी होऊन बसते, आणि ते आम्लयुक्त पाणी उष्णता देणारा भाग कुरतडतं. आमचा बॉयलर २००३चा. त्याचं बटण मी होतं तिथेच, ७५च्या आसपास ठेवलं. बचत झाली ती योग्य खोली मोजल्यामुळे.

शेवटचं काम आईसाठी केलं. बॅटऱ्या संपल्या की थर्मोस्टॅटचा आवाज रिसीव्हरपर्यंत पोचत नाही आणि बरेच संच थोड्या वेळाने हीटिंग थांबवतात. रिसीव्हरवर हाताने चालू करायचं बटण असतं. आम्ही कामावर गेल्यावर ती एकटी असते, म्हणून रिसीव्हरच्या खाली एक चिठ्ठी मोठ्या अक्षरात चिकटवली: ‘घर गार पडलं तर हे बटण एकदा दाब. बॅटऱ्या देवघराच्या खणात आहेत, जुन्या दोन्ही एकदम बदल.’ खाली बॅटऱ्या घातल्याची तारीख. दर दिवाळीला ती तारीख खोडून नवी लिहितो.